कॉन्स्टन्सची अंगठी

१

वर्ना डोलेझलच्या अनामिकेत अंगठी नाही हे शुक्रवारी संध्याकाळी, आंघोळीच्या वेळी, प्रथम इडालियाच्या लक्षात आले. तिने ते ताबडतोब कार्यालयात जाऊन सांगितले. शनिवारी सकाळी चोरीचा आळ तिच्यावरच होता.

बरबँकच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी आमचे निवृत्तांचे घर आहे. आयुष्य दूरचित्रवाणीत गेलेल्या माणसालाच येथे प्रवेश मिळतो. मी कॅमेऱ्यासमोर कधीच उभा राहिलो नाही. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेत रसायने सांभाळण्यात माझी नोकरी संपली. माझे आडनाव फ्रिश, पण येथे सगळे मला प्रोफेसर म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचे प्रमाण मी काढलेले नाही.

इडालिया मेन्हिवार ही वर्नाची मदतनीस. एल साल्वादोरहून आली त्याला पुष्कळ वर्षे झाली. दोन मुले वाढवून झाल्यावर आता, पंचेचाळिशीत, ती नर्सच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिला रसायनशास्त्र मी शिकवतो. म्हणून तिने फोन मला केला.

"प्रोफेसर, मला घरी बसायला सांगितलंय. सगळ्यांना सांगणार आहेत की मला सर्दी झालीय. मला सर्दी नाहीये."

"मग काय झालंय?"

"अंगठी गेलीय मिस वर्नांची. त्यांचा भाचा म्हणतो मीच घेतली. सोमवारी दुपारपर्यंत मिळाली नाही तर पोलिसांत जाणार. एकदा तक्रार नोंदली गेली की नर्सचं लायसन विसरा. हे कामही विसरा. आणि एक. सकाळी त्यांनी कुणाच्या हातून खाल्लं का, एवढं बघाल?"

मी पाहिले. खाल्ले नव्हते. नवीन मुलीने चमचा पुढे केला की वर्ना मान वळवत होती. तिने चिडचिड केली नाही. तिने नुसते सौजन्याने तोंड मिटले होते.

इडालिया चोर नाही असे मला वाटत होते. पण वाटणे हा पुरावा नव्हे, आणि चोराने स्वतःच चोरी कळवल्याची उदाहरणे आहेत. मी ठरवले की तिलाही संशयितांच्या यादीत ठेवायचे, आणि मग यादी लहान करायची.

२

वर्ना कोण हे आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही, पण येथे सांगितले पाहिजे. नेब्रास्कातल्या बीटच्या शेतांतून निघालेली ही मुलगी ओमाहाच्या रेडिओवर साबणाच्या जाहिराती वाचत असे. पुढे न्यूयॉर्कला, मालिका थेट प्रक्षेपित होत त्या काळात, ती एकदा दाराची कडी हातात निघून आली तरी वाक्य न चुकता खिडकीतून बाहेर गेली होती. मग ती लॉस एंजेलिसला आली आणि 'लार्कफील्ड' या दुपारच्या मालिकेत कॉन्स्टन्स हेल झाली. कॉन्स्टन्स तिने अर्धे आयुष्य केली. कॉन्स्टन्सची लग्ने इतकी झाली की लेखकांनाही आठवत नसत. वर्नाचे एकच झाले, ओटोशी, जो त्याच मालिकेच्या प्रॉपर्टी विभागात, म्हणजे सेटवरच्या वस्तू बनवणाऱ्या विभागात, होता. कॉन्स्टन्सने काही वाईट केले की बाजारात अनोळखी बायका वर्नाला खडसावीत, आणि वर्ना त्यांची माफी मागे. कॉन्स्टन्सचा स्मृतिभ्रंश दोनदा झाला आणि दोन्ही वेळा प्रेक्षकसंख्या मोजण्याच्या आठवड्यात बरा झाला. वर्नाचा बरा होणार नाही.

मध्ये एक वर्ष ती कॉन्स्टन्स नव्हती. ओटो आजारी पडला आणि ती चित्रीकरण अर्धे टाकून गेली. मालिका थांबत नाही. दुसऱ्या दिवशी निवेदकाच्या आवाजात एक ओळ ऐकू आली, आजपासून कॉन्स्टन्स हेलच्या भूमिकेत पेग लिंडक्विस्ट. आणि पेग त्याच सोफ्यावर, त्याच नवऱ्याशी, कालचे भांडण पुढे भांडू लागली. ओटो गेल्यावर वर्ना परतली. तशीच एक ओळ पुन्हा ऐकू आली, आणि पेगच्या वाट्याला त्यानंतर आत्या, न्यायाधीश आणि दातदुखीच्या जाहिराती आल्या.

पेगही आता आमच्याकडेच राहते. शुक्रवारी आमच्या घरगुती वाहिनीसाठी दोन्ही कॉन्स्टन्सना, हातमोजे घालून, बागेत एकत्र बसवून चित्रीकरण झाले होते. त्याआधी वर्नाच्या खोलीत तिघे होते: इडालिया, जिने तिला कपडे घातले; भाचा रॉइस, जो छायाचित्रांवर सह्या घ्यायला आला होता; आणि पेग, जिने तिची रंगभूषा केली.

रॉइस मला वाहनतळावर भेटला. बेकर्सफील्डला सौरपट्ट्या बसवण्याचा त्याचा धंदा आहे. माणूस सरळ, पण रागावलेला.

"ती बाई तिला रोज न्हाऊ घालते," तो म्हणाला. "बोटातून काय काढायचं नि काय नाही, दुसऱ्या कुणाला कळणार?"

"अंगठी सोन्याचीच होती?"

"म्हणजे काय? पीळ दिलेली कड, आत लग्नाची तारीख कोरलेली. लहानपणी मी ती डोळ्याशी धरून तिच्यातून दिवा बघायचो. वर्नामावशी ओरडायची नाही, ओटोकाका ओरडायचा." तो थोडा निवळला. "तिला दुसरं काही आठवत नाही आता. निदान ती तरी बोटात राहायला हवी होती."

"तू खोलीतून कधी निघालास?"

"पेग तिचं तोंड रंगवत होती तेव्हा. मला त्या वासानं शिंका येतात."

फाटकावर त्याच्या गाडीची नोंद होती. तो गेला तेव्हा रंगभूषा चालू होती, हे चित्रीकरणवाल्यांनीही सांगितले.

पेग व्हरांड्यात एकटीच पत्त्यांचा डाव लावून बसली होती. अंगकाठीने उंच, मिनेसोटाची. काठी टेकली की एखाद्या सरदारासारखी दिसते.

"या प्रोफेसर. कुणाचा तपास? माझा? सुटले बाई, किती वर्षांनी कुणी माझी चौकशी करतंय."

"वर्नाचे हातमोजे कुणी चढवले?"

"मीच. कॉन्स्टन्स हातमोज्यांशिवाय बागेत जात नसे. मी होते तेव्हाही नाही."

"चढवताना बोटात अंगठी लागली?"

तिने पत्ता उलटला. "माझी नजर तिच्या भुवईवर होती. डावी वर गेली होती, माझ्याच हातानं."

"कुणी घेतली असेल, तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? ज्यानं घेतली असेल त्या बिचाऱ्याची निराशा होणार, एवढं खरं." तिने डाव मोडला आणि पत्ते गोळा केले. "इडालियाची सर्दी कशी आहे? लिंबू-मध घे म्हणावं."

मी निरोप पोचवीन असे सांगितले. जिना चढताना माझ्या मनात एकच शब्द होता: निराशा.

३

वर्ना खिडकीशी बसली होती. मला पाहून हसली. तिच्या मते मी कुणीतरी चांगला माणूस होतो.

"तुम्ही प्रकाशयोजनेतले ना?"

"रसायनांतला."

"असू दे. तिथेही लोक लागतात."

मी तिचा डावा हात हातात घेतला. ती दिवसभर त्या बोटाच्या मुळाशी अंगठ्याने चोळत होती. त्या जागी बोटाभोवती एक अरुंद हिरवट कडे होते. आजवर ते अंगठीखाली झाकलेले असणार. इडालियाला फोनवर विचारले तेव्हा ती म्हणाली की ते मधूनमधून दिसते, साबणाने फिके होते, आणि म्हाताऱ्या कातडीवर असे होतच असेल.

म्हाताऱ्या कातडीवर असे होत नाही. तांब्याचे होते. चौदा कॅरेट सोन्यातही तांबे मिसळलेले असते, म्हणून घाई न करता मी कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये भिजवून ते कडे पुसले. दुसऱ्या बोळ्याने माझ्या स्वतःच्या, चौदा कॅरेटच्या, लग्नाच्या अंगठीखालची कातडी पुसली. दोन्ही बोळे दोन वाट्यांत ठेवून त्यांवर सफाईच्या कपाटातला अमोनिया टाकला. माझी वाटी पाण्यासारखी राहिली. वर्नाच्या वाटीत गडद निळा रंग उतरला, शाई सांडावी तसा.

"सुंदर," वर्ना म्हणाली. "हा कुठल्या दृश्यासाठी?"

मी तिला सांगितले की अजून ठरलेले नाही.

रॉइस खोटे बोलत नव्हता. लहानपणी त्याने पाहिलेली अंगठी सोन्याची होती. आणि वाटीही खोटे बोलत नव्हती; शुक्रवारी बोटातून निघालेली अंगठी तांबे मिसळलेल्या, सोन्यासारख्या दिसणाऱ्या पितळेची होती. म्हणजे अंगठ्या दोन होत्या, दिसायला सारख्या. खाली दिवाणखान्याच्या भिंतीवर पेगच्या त्या एका वर्षातले छायाचित्र टांगलेले आहे: सोफा, फुलदाणी, आणि नवऱ्याच्या खांद्यावर ठेवलेला कॉन्स्टन्सचा हात. मी भिंग घेऊन खाली गेलो. अंगठीला पीळ दिलेली कड होती.

बोटातली अंगठी पितळेची आहे हे रॉइसला माहीत नव्हते, इडालियाला माहीत नव्हते आणि वाटीत निळा रंग येईपर्यंत मलाही नव्हते. तरीही त्याआधीच एक व्यक्ती म्हणाली होती की चोराची निराशा होणार.

४

"बस," मी समोर गेलो तेव्हा पेग म्हणाली. रविवारची दुपार होती आणि ती पुन्हा पत्तेच मांडत होती. "चेहऱ्यावरून वाटतंय, प्रयोग यशस्वी झाला."

"अंगठी तू घेतलीस."

"मंगळवारी मिळेल. बोटात घालीन, आणि कुणाचं काही बिघडणार नाही."

"कुणाचं बिघडणार नाही? इडालियाला सर्दी झालेली नाही, पेग. तिच्यावर चोरीचा आळ आहे. उद्या दुपारी रॉइस पोलिसांत जाणार आहे."

तिच्या हातातले पत्ते टेबलावर पडले. तिने काठी शोधली, ती सापडली नाही, तशीच ती टेबलाला धरून उभी राहिली. "आणि हे तू मला काल नाही सांगितलंस?"

"काल तू संशयित होतीस."

"मूर्ख आहेस. चल, हात दे."

कार्यालयापर्यंतच्या वाटेत तिने सांगितले. वर्ना निघून गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी वेशभूषावाल्या बाईने पेगच्या तळहातावर एक अंगठी ठेवली: ही कॉन्स्टन्सची. पेगने ती वर्षभर घातली. वर्ना परतली तोवर लेखकांनी कॉन्स्टन्सचा घटस्फोट करून टाकला होता, त्यामुळे अंगठी कुणी परत मागितली नाही. पेगने ती ठेवून घेतली. आयुष्यातली एकमेव मोठी भूमिका, तिची एवढी तरी खूण असावी म्हणून.

"परवा तिच्या हातांना मलम लावताना मी अंगठी काढली, तर खाली हिरवं. माझं बोट त्या वर्षात कधी हिरवं झालं नव्हतं, प्रोफेसर. मी खोलीवर जाऊन माझी अंगठी भिंगाखाली धरली. आत तारीख. त्यांच्या लग्नाची."

"म्हणजे घाईत तिनं चुकीची अंगठी सेटवर ठेवली."

"आणि ओटोचा हात धरून बसली ती पितळ घालून. तो गेला तेव्हाही बोटात तेच होतं. आणि खरी माझ्या बोटात, दुसऱ्याच माणसाच्या खांद्यावर, रोज दुपारी सगळ्या देशापुढे." ती थांबली, जिना नव्हता, तरी थांबली. "बोटं बारीक झालीत तिची. सोन्याची लहान करायला दिली, मापाला म्हणून पितळेची सोबत दिली, तिच्याहून किंचित लहान कर म्हटलं. तिला न सांगता बदलायची होती. सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?"

मिसेस ट्रेंट, आमच्या व्यवस्थापिका, यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी चष्मा काढला.

"पेग, तुमचं इडालियावर प्रेम आहे. इथं सगळ्यांचंच आहे. पण तुम्ही अभिनेत्री आहात."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही जे आत्ता केलंत ते फार छान केलंत. अंगठी कुठे आहे?"

"ग्लेनडेलला, सोनाराकडे."

"आज रविवार," मिसेस ट्रेंट म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत दाखवा. नाही दाखवलीत, तर रॉइसला मी अडवू शकणार नाही."

बाहेर आल्यावर पेग म्हणाली, "साठ वर्षं काम करतेय. माझं काम कुणाला इतकं पटलं नव्हतं, आणि तेही नेमकं आज."

५

हागोप हा ग्लेनडेलचा आर्मेनियन सोनार. सोमवारी त्याने दुकान उघडले तेव्हा पेग आणि मी दारातच उभे होतो.

"मंगळवार म्हटलं होतं ना?" तो कुरकुरला. "बायका मंगळवारचा सोमवार करतात, सोमवारचा रविवार. माझी आई असती तर तिनंही हेच केलं असतं. द्या पाच मिनिटं."

सोन्याची अंगठी झाली होती. पॉलिश तेवढे राहिले होते. पितळेची त्याने मापाच्या दांडीवरून काढली, सवयीने भिंगाखाली धरली आणि ओठ पुढे काढले.

"ही कुणी केली?"

"प्रॉपर्टीवाल्यांनी," मी सांगितले. "मालिकेसाठी."

"असेल. पण आतून बघा. बाहेरून साधी, आतून आरशासारखी घासलीय. हाताचं काम आहे. आत पानं कोरलीत, बीटची वाटतात. असं कोण करतं?"

मी पाहिले. पाने होती. मी ते निरीक्षण मनात नोंदवले आणि त्यावरून कोणताही निष्कर्ष काढला नाही. माझे लक्ष घड्याळाकडे होते.

दुपारच्या आत दोन्ही अंगठ्या मिसेस ट्रेंटच्या टेबलावर होत्या, हागोपच्या पावतीसह. रॉइसने सोन्याची अंगठी उचलली, आतली तारीख वाचली आणि खुर्चीत बसला. मिसेस ट्रेंटनी इडालियाला फोन लावला.

वर्नाने शनिवारपासून काही घोट रस सोडला तर काही घेतले नव्हते. डॉक्टर नळीविषयी बोलू लागले होते. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा ती उशीला टेकून पडली होती. पेग तिच्या शेजारी बसली आणि तिने सोन्याची अंगठी तिच्या बोटात सरकवली. ती नीट बसली.

वर्नाने हात वर धरून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तिने अंगठी काढून पेगच्या तळहातावर ठेवली.

"ही कॉन्स्टन्सची. माझी कुठाय?"

"हीच तुझी, वर्ना. ओटोनं दिलेली."

"ओटोनं दुकानातून आणली होती ही. हप्त्यांवर." तिचा आवाज स्वच्छ होता, जसा तो जुन्या गोष्टींविषयी अजूनही असतो. "माझी त्यानं घडवली. दिग्दर्शक म्हणाला, बाईंची खरी अंगठी सेटवर हरवेल, नक्कल करा. म्हणून त्यानं केली. कशीही केली असती तरी चाललं असतं अशी वस्तू, आणि हा महिनाभर आतून घासत बसला. मी म्हटलं, अरे, आतलं कॅमेऱ्याला दिसत नाही. म्हणाला, म्हणूनच."

पेगने तळहातावरची अंगठी उजेडाकडे धरली.

"निघाले त्या दिवशी दोन्ही माझ्याकडे होत्या," वर्ना म्हणाली. "एक ठेवून जायची होती. मग मी ही ठेवली."

स्मृती बिघडलेल्या व्यक्तीचे विधान मी एकटे पुरावा म्हणून धरत नाही. पण हे विधान एकटे नव्हते. प्रॉपर्टी विभागात कुणीही, कधीही, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूवर वेळ घालवत नाही. कपाटांना पाठी नसतात, पुस्तकांना पाने नसतात, केकला आतून लाकूड असते. आतून घासलेली, पाने कोरलेली अंगठी नुसती मालिकेसाठी असूच शकत नव्हती, आणि हे मला हागोपच्या दुकानातच कळायला हवे होते. माझ्या वाटीने धातू अचूक सांगितला होता. खरी कोणती आणि नक्कल कोणती हे मात्र मी स्वतः ठरवून टाकले होते, आणि उलटे ठरवले होते.

पेगने खिशातून पितळेची अंगठी काढली. तिने ती माझ्याकडे दिली, आणि मी वर्नाच्या बोटात घातली. ती थोडी सैल होती. वर्नाने मूठ मिटली.

"म्हणजे मी सोन्याची चोर नाहीच," पेग म्हणाली. "पितळेची चोर. या वयात बढती अशी मिळावी." पण ती डोळे पुसत होती, आणि वर्नाने दुसऱ्या हाताने तिच्या गालावरची पावडर नीट केली, जशी चित्रीकरणाआधी एक नटी दुसरीची करते.

इडालिया आली ती पायांतले बूटही न बदलता. हातात घरून आणलेले कोंबडीचे सूप होते. तिने आमच्याकडे पाहिले नाही. सरळ पलंगाशी गेली.

"कुठे होतीस?" वर्नाने विचारले.

"घरी होते."

"मला सांगून जायचं."

"चुकलं माझं, मिस वर्ना. पुन्हा नाही."

रॉइस दाराशी उभा होता. त्याने टोपी काढून हातात धरली होती आणि ती तो गोल फिरवत होता. "इडालिया," तो म्हणाला, "मी जे बोललो ते... मी तुझी माफी मागतो. सगळ्यांसमोर मागतो."

इडालियाने त्याच्याकडे वळून पाहिले.

"टोपी तिथे ठेवा," ती म्हणाली. "हात धुवा. साबणानं."

त्याने धुतले. तिने त्याला आपल्या जागी बसवले, सुपाची वाटी त्याच्या हातात दिली आणि चमचा कसा धरायचा ते दाखवले.

"अर्धाच भरा. ओठांना लावून थांबा. त्या स्वतः घेतात, आपण ओतायचं नाही. घाई केलीत तर मी वाटी परत घेईन."

रॉइसने चमचा पुढे केला. वर्नाने आधी इडालियाकडे पाहिले. इडालियाने मान डोलावली, आणि वर्नाने तोंड उघडले.